तुरेवाल्या चंडोलाची तीन नावं आणि माळढोकाला पर्याय शोधण्याचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही जुळे सोलापूरहून सकाळी नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे गेलात. बार्शी रस्त्याच्या कडेला नांगरलेल्या रानात डोक्यावर तुरा असलेला चंडोल दिसला, त्याचा फोटो काढला. मोबाईलमधल्या अ‍ॅपने एक नाव दिलं, घरातल्या जुन्या पुस्तकातलं चित्र दुसऱ्या नावाशी जुळलं आणि पक्षी पाहणाऱ्या तुमच्या मित्राने तिसरंच सांगितलं. मग तुम्ही विचारलंत, जाणकारांचंच एकमत नसेल तर प्रजाती ही निसर्गातली खरी गोष्ट आहे का? की माणसाने सोयीसाठी मारलेल्या रेघा आहेत? आणि शेवटी एका ओळीत जोडलंत: आपला माळढोक संपलाच, तर आफ्रिकेतले तसेच दिसणारे पक्षी आणून इथे सोडता येणार नाहीत का?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळांवर पक्ष्यांच्या आणि सरड्यांच्या नोंदी ठेवायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. दोन्हीकडे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतो. माझ्या मते तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. दोन जीव सारखे दिसले की ते एकच धरायचे का, आणि एकाच्या जागी दुसरा चालवून घेता येतो का? चंडोलाच्या बाबतीत चुकलं तर फक्त यादीतलं नाव चुकतं. माळढोकाच्या बाबतीत चुकलं तर ते दुरुस्त करता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चंडोल. भारतात तुरेवाले चंडोल तीन. एक साधा तुरेवाला चंडोल, गॅलेरिडा क्रिस्टाटा. राजस्थान, गुजरात, उत्तरेची मैदानं इथला, आणि तिथून पुढे पार युरोप, उत्तर आफ्रिकेपर्यंत पसरलेला. दुसरा मलबारी चंडोल, सह्याद्री आणि पश्चिम किनारपट्टीचा. तिसरा सायक्सचा चंडोल, गॅलेरिडा देवा, आपल्या दख्खनच्या कोरड्या पठाराचा. कर्नल सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरला, आणि १८३२ मध्ये त्याने या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आपल्याकडचा लांडगा आणि दगडी लावा यांनाही त्यानेच शास्त्रीय नावं दिली. म्हणजे तुम्ही ज्या रानात उभे होतात तसल्या रानातूनच ही नावं निघाली आहेत.

तुम्ही लिहिलंय की पक्षी लहानखुरा होता, रंग तांबूस मातकट, छातीवरच्या रेषा जेमतेम. ही सायक्सच्या चंडोलाची लक्षणं. मलबारी चंडोल थोराड असतो, पाठ गडद, छातीवर ठळक आणि दाट रेषा, पोट पांढुरकं. साधा तुरेवाला चंडोल आणखी मोठा, वाळूसारखा फिकट, चोच दणकट. ठिकाण नान्नज, त्यात हे वर्णन, तेव्हा मी सायक्सचाच म्हणेन. पण फोटो सकाळच्या पिवळ्या उन्हातला असेल तर कोणताही चंडोल तांबूस दिसतो, आणि पिसं झिजलेली असतील तर छातीच्या रेषा पुसट होतात. अ‍ॅप फक्त फोटो बघतं आणि ज्या पक्ष्याचे फोटो जगभरातून जास्त आलेले असतात त्याच्याकडे झुकतं. जुन्या पुस्तकांत जागेअभावी एकाच तुरेवाल्या चंडोलाचं चित्र असायचं. तुमचे मित्र कोकणात जास्त फिरले असतील तर त्यांच्या डोळ्यांत मलबारी चंडोल बसलेला असणार. तेव्हा हा घोळ ओळखण्याचा आहे. या तीन प्रजातींबद्दल जाणकारांत भांडण नाही.

पण खरी भांडणं असतात, आणि तुमचा मूळ प्रश्न तिथलाच आहे.

प्रजाती म्हणजे काय, याचं शाळेत पाठ केलेलं उत्तर बहुतेकांना येतं: ज्यांच्यात आपसांत प्रजनन होऊन पुढे वंश चालवणारी पिल्लं होतात ते एका प्रजातीचे. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये ही व्याख्या नीट बांधून मांडली आणि अजूनही ती कामाची आहे. तिची कसोटी बघायला सोलापूर जिल्ह्यातला कोणताही गोठा चालेल. गाय आणि पंढरपुरी म्हैस एकाच दावणीला वर्षानुवर्षं उभ्या असतात, एकच कडबा खातात, पण त्यांच्यात संकर होत नाही. गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रं, म्हशीच्या ५०. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, पण घोड्याच्या ६४ मधली निम्मी आणि गाढवाच्या ६२ मधली निम्मी मिळून खेचराची ६३ होतात, त्यांच्या जोड्या नीट जमत नाहीत आणि खेचर सहसा वांझ राहतं. इथवर व्याख्या चोख बसते.

आता त्याच गोठ्यातली खिलार गाय घ्या. तिला जर्सीचं किंवा होल्स्टीनचं रेतन केलं की संकरित कालवड होते, ती मोठी होऊन गाभण राहते, दूध देते, सगळं सुरळीत. मायरच्या व्याख्येने वशिंडवाली आणि बिनवशिंडाची गुरं एकच प्रजाती ठरतात. पण प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये या दोघांना दोन वेगळ्या प्रजातींची नावं दिली होती आणि अनेक शास्त्रज्ञ आजही ती तशीच वापरतात. त्यांचंही म्हणणं पोकळ नाही. बिनवशिंडाची गुरं पश्चिम आशियात माणसाळली, वशिंडवाली सिंधूच्या खोऱ्याकडे, वेगवेगळ्या रानटी कळपांतून. माणसाने हात लावण्याच्या फार आधीपासून त्या दोन रेषा वेगळ्या वाहत होत्या. म्हणजे प्रजनन होतंय का हे विचारलं तर उत्तर एक येतं, आणि दोघांचा इतिहास किती काळ वेगळा आहे हे विचारलं तर दुसरं येतं.

एक खुलासा इथेच करतो, कारण विद्यार्थ्यांचा गोंधळ इथे होतो. खिलार, देवणी, जर्सी हे गुरांचे वाण आहेत, माणसाने निवडून निवडून पक्के केलेले. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवड करून काढलेली मालदांडी ज्वारीही तशीच. ज्वारीचे कितीही वाण असले तरी ती सगळी एकच प्रजाती. तुमच्या चंडोलांचा प्रश्न त्या पातळीवरचा नाही. तिथे निवड माती, पाऊस, शिक्रा आणि खुद्द चंडोलाच्या मादीने केलेली आहे.

मग कसोटी कोणती धरायची? मी तीन प्रश्न विचारतो. एक, हे जीव निसर्गात एकत्र आले तर एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखतात का? दोन, डीएनए बघितला तर त्यांच्या वाटा किती काळ वेगळ्या आहेत? तीन, ते जगण्याची रीत किती वेगळी पाळतात? तिन्हींचं उत्तर एकाच दिशेने आलं तर वाद उरत नाही. वाद होतात ते उत्तरं फाटतात तेव्हा. ती फाटणं स्वाभाविक आहे, कारण एका प्रजातीच्या दोन व्हायला हजारो-लाखो वर्षं लागतात आणि आपण त्यातल्या एखाद्या क्षणी येऊन बघत असतो. हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात, तिथे उभं राहून नेमक्या कुठल्या दगडापाशी सीना संपली ते दाखवता येत नाही. म्हणून सीना नावाची नदीच नाही असं आपण म्हणत नाही. प्रजातीची कड धूसर असते, प्रजाती खरी असते.

या धूसर कडेचं सगळ्यात सुंदर उदाहरण तुमच्या घराजवळच्या कडुनिंबावर दर हिवाळ्यात येतं. हिरवट वटवट्या, चिमणीपेक्षाही लहान पक्षी, पानांत लपून दिवसभर ‘चिस्लि, चिस्लि’ करत असतो. हिमालयापासून सायबेरियापर्यंत तो वीण करतो. तिबेटच्या उंच पठारावर त्याला राहता येत नाही, म्हणून त्याची वस्ती पठाराला वळसा घालून दोन बाजूंनी उत्तरेकडे पसरली आहे. पश्चिमेच्या बाजूने जाताना शेजारशेजारच्या वस्त्यांची गाणी थोडी थोडी बदलत जातात, पूर्वेच्या बाजूनेही तसंच. दोन्ही टोकं मध्य सायबेरियात पुन्हा भेटतात, तेव्हा गाणी इतकी वेगळी झालेली असतात की ते पक्षी एकमेकांना जोडीदार मानत नाहीत. डॅरेन अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे पूर्ण जनुकसंच तपासल्यावर दिसलं की मधल्या काळात काही ठिकाणी वस्त्या तुटल्याही होत्या, म्हणजे चित्र पहिल्यांदा वाटलं तितकं सरळ नाही. तरी मुद्दा टिकतो. एक प्रजाती की दोन, हे तुम्ही वर्तुळात कुठे उभे आहात त्यावर ठरतं. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पश्चिमेच्या शाखेचे.

आता चंडोलांकडे परत येतो, कारण दिसण्यावर किती विसंबायचं ते त्यांच्याकडून चांगलं कळतं.

चंडोल जमिनीवर जगतो, जमिनीवर घरटं करतो. वरून हिवाळी पाहुण्या भोवत्या घारी फिरतात, शिक्रा असतो, कापशी असते. मातीशी रंग जुळला नाही की संपलं. त्यामुळे चंडोलांचा रंग मातीमागे फार वेगाने धावतो. अरबस्तान आणि आसपासच्या भागात वाळवंटी चंडोल नावाचा एक पक्षी आहे. फिकट वाळूत राहणारे फिकट असतात, आणि जॉर्डन-सीरियाकडच्या काळ्या लाव्हाच्या खडकांवर राहणारे जवळजवळ काळपट. प्रजाती एकच. निव्वळ रंगावर गेलात तर एकाच्या चार प्रजाती कराल. याच्या उलटही होतं. स्पेन आणि मोरोक्कोत साधा तुरेवाला चंडोल आणि थेक्ला चंडोल एकाच प्रदेशात राहतात, हातात धरूनही ओळखायला अवघड. डीएनएत मात्र फरक मोठा आहे. तिथे रंगावर गेलात तर दोन प्रजातींची एक कराल.

म्हणून मी रंगापेक्षा गाण्याला जास्त मान देतो. रंग शिकाऱ्याला चुकवण्यासाठी असतो, गाणं मादीला पटवण्यासाठी असतं, आणि प्रजाती वेगळी राहते की नाही हे शेवटी मादी ठरवते. भारत आणि आग्नेय आशियातल्या झुडपी चंडोलांची गोष्ट याच कारणाने मोलाची आहे. कितीतरी वर्षं त्यांना एकच प्रजाती मानत होते, कारण पिसांत फरक जेमतेम. पर आल्स्ट्रॉम या स्वीडिश संशोधकाने त्यांची गाणी आणि हवेतली प्रणयउड्डाणं नीट अभ्यासली आणि १९९८ मध्ये मांडलं की या वेगवेगळ्या प्रजाती आहेत. कोणी झुडपाच्या शेंड्यावरून गातो, कोणी उंच जाऊन गात गात उतरतो. माद्यांना तो फरक आधीपासून माहीत होता.

सायक्सच्या चंडोलाचं गाणं तुम्ही एकदा तरी शांतपणे ऐका. पावसाळ्याच्या तोंडाला, जमीन नुकतीच भिजलेली असताना, नर एखाद्या मोठ्या ढेकळावर किंवा बांधावरच्या दगडावर बसतो, तुरा उभा करतो आणि सुरू होतो. मधेच टिटवी ओरडल्यासारखं होतं, मधेच कोतवालाची शीळ, मग पोपटाची किरकिर, आणि तुम्ही मान वळवून बघता तर तिथे तोच एक. नकला करण्यात तो पटाईत. मग एकदम वर उठतो, पंख फडफडवत हवेत गात राहतो आणि पुन्हा जमिनीवर उतरतो. शेपटीच्या कडेची पिसं तांबूस दिसतात ती तेव्हाच.

प्रजाती जागेला कशी घट्ट बसलेली असते आणि जागा बदलली की काय होतं, यासाठी पश्चिमेला साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर चला. तिथे गळ्याला पंख्यासारखी रंगीत झालर असलेला सरडा राहतो. नर उन्हात दगडावर चढून ती झालर उघडतो, निळी-काळी-केशरी, इतकी भडक की लांबून चमकते. पूर्वी भारतभरचे असे सगळे सरडे एक-दोन नावांखाली घातलेले होते. २०१६ मध्ये दीपक वीराप्पन आणि सहकाऱ्यांनी डीएनए, हाडं आणि झालरीचा अभ्यास करून मोठ्या, भडक झालरीच्या दख्खनी सरड्यांचा वेगळा वंश (म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) केला, त्याला ‘सरडा’ हेच नाव दिलं, आणि चाळकेवाडीच्या सरड्याला सरडा सुपर्बा म्हटलं. यावर ‘शास्त्रज्ञ उगाच नावं वाढवतात’ अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. पण नाव वेगळं झालं म्हणून तर कळलं की हा प्राणी थोड्याशा पठारी पट्ट्यापुरता आहे. सगळा भारत व्यापणारा सामान्य सरडा समजत होतो तोवर त्याची काळजी करायचं कारणच कुणाला दिसत नव्हतं.

त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकेर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये दाखवलं की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. शिकारी घटले तसे सरडे वाढले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं, माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळेनात. पण गर्दीमुळे अंगाने हडकले, आणि झालरीचा रंगही फिका पडला. हा बदल वंशात उतरला आहे की प्रत्येक सरडा आपल्या आयुष्यात तसा घडतो, हे एवढ्यावरून सांगता येत नाही, आणि लगेच ‘उत्क्रांती झाली’ म्हणून मोकळं होऊ नये. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सरड्याला कोणी हात लावला नव्हता. वरच्या घारी-शिक्रे हटले, एवढ्यावर खालच्या प्राण्याचं वागणं, वजन आणि रंग बदलले. कुठलीही प्रजाती एकटी टिकत नाही, ती आपल्या शिकाऱ्यांसकट, गवतासकट, मातीसकट टिकते.

काळविटाकडे बघा. त्याच्या वंशात आज जिवंत असलेली प्रजाती ती एकच. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावणारा हा प्राणी ज्या चित्त्यापासून पळत पळत असा घडला, तो चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. नान्नजच्या माळावर आजही कळप उधळला की तो वेग दिसतो. आता मागे लागणारे असतात ते लांडगे आणि गावची कुत्री.

लांडगा हे मघाच्या तीन प्रश्नांचं आपल्याकडचं सगळ्यात अवघड उदाहरण. सायक्सने त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं होतं, पुढे तो जगभरच्या लांडग्याची उपप्रजाती ठरला, आणि २०२१ मध्ये पूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून दिसलं की भारतीय लांडग्याची वाट जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वाटांपैकी आहे. दुसरीकडे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो. पुण्याजवळच्या माळांवर अशी संकरित पिल्लं जनुकीय तपासणीतून सिद्ध झाली आहेत. मायरच्या व्याख्येला चिकटून राहिलो तर कुत्रा आणि लांडगा एकच, मग संकराची चिंता कशाला? पण माळावर मोकाट कुत्री वाढत गेली आणि लांडगे थोडे उरले, तर ही जुनी वाट बंदूक न उडवता, दर वेतागणिक थोडी थोडी पुसली जाईल. म्हणून मी सांगतो की व्याख्या कोणतीही घ्या, आधी ती कशासाठी हवी आहे ते ठरवा. संवर्धनासाठी हवी असेल तर वेगळी वाट जपायची, तिला उपप्रजाती म्हणा की प्रजाती.

आता माळढोक. तुमच्या या प्रश्नावर मला थेट बोलायचं आहे.

माळढोकाच्या वंशात जगात चार प्रजाती आहेत: आफ्रिकेतला कोरी, अरबी, ऑस्ट्रेलियन आणि आपला. दिसायला चौघे भाऊभाऊ. उंच मान, मोठं अंग, जमिनीवरचं जगणं. आधी या सगळ्या कुळाला सारस-क्रौंचांच्या गणात घालत होते, डीएनए पाहिल्यावर त्यांचा स्वतंत्र गण झाला. पायाला मागचं बोट नाही, त्यामुळे झाडावर बसता येत नाही. वर्षाला सहसा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. नर दहा ते पंधरा किलोचा, उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो आवाज शांत माळावर लांबवर पोचतो. सत्तरच्या दशकात सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आज देशात मिळून दीडशेच्या आतच पक्षी उरले आहेत, बहुतेक राजस्थानात, आणि नान्नजला दर्शन झालं तर त्याची बातमी होते.

तुम्ही म्हणता तसा कोरी आणून सोडला तर? आपल्या माळढोकाला मारणाऱ्या गोष्टींत विजेच्या तारा वरच्या क्रमांकावर आहेत. का, ते त्याच्या डोळ्यांत आहे. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० मध्ये कोरीसकट काही मोठ्या पक्ष्यांची दृष्टी मोजली. कोरीच्या डोक्यावरचा आंधळा पट्टा इतका रुंद आहे की उडताना खाली बघायला मान साधारण २५ अंश झुकवली तरी समोरचं दिसेनासं होतं. किडे, टोळ, बोरं टिपण्यासाठी घडलेले हे डोळे. लक्षावधी वर्षं माळावर हवेत आडवं काही नव्हतंच, म्हणून समोर बघायची गरज पडली नाही. आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. दक्षिण आफ्रिकेत कोरीही तारांना धडकून मरतो. तेव्हा कोरी आणून सोडलात तर तो त्याच तारांवर आदळेल, त्याच कुत्र्यांना त्याची अंडी मिळतील, त्याच नांगराखाली त्याचं घरटं जाईल. ज्या कारणांनी आपला पक्षी गेला ती सगळी नव्या पक्ष्यासाठी जागेवर असतील.

तुम्ही कदाचित चित्त्याचं उदाहरण द्याल. २०२२ मध्ये नामिबियातून आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून कुनोत चित्ते आणले. पण तो फरक एका प्रजातीतल्या उपप्रजातींचा, आणि आपला चित्ता सात दशकांपूर्वीच गेलेला होता. तो निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद आहेत आणि मी इथे त्यात पडत नाही. माळढोक अजून आहे. असलेल्याला सोडून पर्याय शोधायला लागणं म्हणजे त्याला हयातीतच सोडून देणं, आणि ते मला मान्य नाही.

ज्या दिशेने खरंच आशा आहे ती दुसरी आहे. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे २०१९ पासून आपल्याच माळढोकाचं बंदिस्त प्रजनन चालू आहे, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही झालं. देशभरच्या माळढोकांच्या मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे आईकडून येणाऱ्या, डीएनएत विविधता फार कमी आढळली आहे. ही चिंतेची गोष्ट आहे, पण त्याचा एक अर्थ असाही निघतो की राजस्थानचा आणि सोलापूरचा पक्षी हे वंशाने परके नाहीत. उद्या तिथली पिल्लं इथे सोडायची ठरली तर वर्गीकरण आड येणार नाही. आड येईल ती जमीन.

आणि जमिनीचं म्हणाल तर ‘ओसाड’ म्हणून ज्या माळावर झाडं लावण्याची हौस दरवर्षी उसळते, ती थांबायला हवी. पाऊस वर्षाला जेमतेम सहाशे मिलिमीटर, माती वीतभर, खाली मुरूम. तिथे कुसळी आणि पवन्या गवत हेच खरं वन. गवताळ माळावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ उभी केली की माळढोकाला दूरवर दिसेनासं होतं, काळविटाला पळायला मोकळं रान उरत नाही आणि चंडोल तर सरळ निघून जातो. झाडं लावायची असतील तर गावात, शाळेत, रस्त्याला लावा. बांधावर आधीच असलेली बोर, बाभूळ, तरवड राहू द्या.

आता तुमच्या फोटोबद्दल. पुढच्या वेळी समोरून छातीचा आणि बाजूने चोचीचा असे दोन फोटो घ्या, पाठीवर पडणारं ऊन टाळा. उडाला तर शेपटीच्या कडा बघा. गाणं मोबाईलवर अर्धा मिनिट जरी रेकॉर्ड केलंत तरी फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, पण पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवू नका, विणीच्या काळात नर त्यावर धावून जाण्यातच दमतो. नोंद करताना गाव, तारीख, जमीन कशी होती, नांगरलेली, पडीक, ज्वारीची की गवताची, एवढं लिहा. खात्री नसेल तर ‘तुरेवाला चंडोल, वंश गॅलेरिडा’ इथवरच थांबा, ती नोंदही पुढे कामाला येते. आणि जून ते सप्टेंबर डांबरी रस्ता सोडून गवतात उतरू नका, कारण चंडोलाचं घरटं ढेकळाआड वाटीएवढ्या खळग्यात असतं आणि पाय पडेपर्यंत ते दिसत नाही.